एका सर्व्हरवर हजार वाचक: डाउनलोड ग्रंथालयाला टॉरेंट कसं उपयोगी पडतं

समजा, सोलापुरातल्या एखाद्या जुन्या वाचनालयानं ठरवलं की आपल्याकडचा दुर्मीळ साठा स्कॅन करायचा आणि ऑनलाइन खुला करायचा. जुनी मराठी नियतकालिकं, कापड गिरण्यांच्या काळातली पत्रकं, १९३० च्या मार्शल लॉच्या, म्हणजे इंग्रजांनी शहरावर लावलेल्या लष्करी अमलाच्या दिवसांतली वर्तमानपत्रं, शिवाय या शहरात पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं-वाचलं गेलेलं कन्नड, तेलुगू आणि उर्दू साहित्य. स्कॅनिंग हे कष्टाचं काम आहे, पण ते एकदाच करावं लागतं. पुढचा प्रश्न मात्र रोजचा असतो आणि सुरुवातीला तो कुणाच्या डोक्यातच येत नाही. ही पुस्तकं लोकांपर्यंत पोचवण्याचा खर्च कोण करणार, आणि किती वर्षं?

वेबसाइटवर फाइल ठेवली की झालं, असं वाटतं. वीस एमबीची एक पीडीएफ असेल तर खरंच झालं, पुढं काही करायची गरज नाही. पण अक्षर न अक्षर वाचता येईल असं स्कॅनिंग केलं की संच भराभर फुगतो. आपण मार्शल लॉच्या कागदपत्रांचा ४ जीबीचा एक संच धरू. वाचनालयाच्या जोडणीचा अपलोडचा वेग धरू २० एमबीपीएस. यातला ‘बी’ बिटचा असतो आणि आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून प्रत्यक्षात सेकंदाला अडीच एमबी बाहेर जातात. एका वाचकाला सगळा संच द्यायला साधारण २७ मिनिटं लागतात. काहीच अडचण नाही.

आता १२ जानेवारी उजाडतो. १९३१ साली याच तारखेला सोलापूरच्या त्याच लढ्यातले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली. त्या दिवशी शहरात त्यांची आठवण निघते, शाळा-कॉलेजांत कार्यक्रम होतात, आणि अशा दिवशी शंभर जणांनी हा संच एकदम मागितला तर वाचनालयाला ४०० जीबी बाहेर पाठवावे लागतील. त्याच जोडणीवर याला ४४ तासांहून जास्त वेळ लागतो. हजार जणांनी मागितला तर साडेअठरा दिवस. तोवर निम्मे लोक कंटाळून निघून गेलेले असतील, आणि ज्याला खरोखर अभ्यास करायचा आहे तोही.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे पैसा. मोठा सर्व्हर भाड्यानं घ्या, जगभर प्रती ठेवणारी सेवा घ्या. तो उपाय चालतो. पण त्यात वाचक वाढले की बहुतेक वेळा बिलही वाढतं. वर्गणीवर आणि तुटपुंज्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थेला हे परवडत नाही. वाचक वाढले म्हणून ज्या ग्रंथालयाच्या पोटात गोळा येतो, ते फार काळ उघडं राहत नाही. मला हा प्रश्न तांत्रिक कमी आणि ग्रंथालयाच्या आयुष्याचा जास्त वाटतो.

दुसरा मार्ग वाचकांकडेच असतो. प्रत्येकाच्या इंटरनेट जोडणीला येणारी बाजू असते तशी जाणारीही असते, आणि डाउनलोड चालू असताना ती जाणारी बाजू जवळजवळ रिकामी पडलेली असते. ती वापरली तर? आपल्याकडे शेतकरी सावड करतात. आज चार घरची माणसं माझ्या रानात राबतात, उद्या मी त्यांच्या. पैसे कुणी कुणाला देत नाही, पण ज्यानं हात लावला त्याच्या रानातलं काम अडत नाही. टॉरेंट म्हणजे फाइलींच्या वाहतुकीतली सावड. संच एकाकडून हजारांना जाण्याऐवजी, ज्याला थोडा मिळाला तो लगेच तेवढा पुढच्याला द्यायला लागतो.

हिशेब करून बघा. शंभर वाचकांपैकी प्रत्येकानं आपल्या जोडणीतले फक्त २ एमबीपीएस दिले, तर वाचनालयाचे २० आणि वाचकांचे २०० मिळून २२० एमबीपीएस झाले. ४०० जीबी साधारण चार तासांत पोचतात. हजार वाचक आले तर वाटायचे जीबी दहापट होतात, पण द्यायची ताकदही २,०२० एमबीपीएस होते. वेळ लागतो सुमारे ४ तास २४ मिनिटं. एकट्या सर्व्हरवर १०० वरून १००० वाचक झाले की दोन दिवसांचे साडेअठरा दिवस होतात, इथं जेमतेम अर्धा तास वाढतो. हा आदर्श हिशेब आहे. प्रत्यक्षात कुणी मध्येच सोडून जातो, कुणाची जोडणी रडतखडत चालते. तरी चित्र बदलत नाही: गर्दी वाढली की पुरवठाही वाढतो.

हे जमतं कसं

ही पद्धत ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रामरनं २००१ साली बिटटॉरेंट या नावानं आणली. तिचा गाभा म्हणजे फाइलचे तुकडे. आपला ४ जीबीचा संच एक-एक एमबीच्या तुकड्यांत कापला तर ४,०९६ तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर एक गणिती प्रक्रिया करून त्याचा २० बाइटचा हॅश काढतात. तुकड्यातलं एक अक्षर जरी इकडचं तिकडं झालं तरी हॅश पूर्ण बदलतो. संचाचं नाव, आकार आणि या सगळ्या हॅशची यादी एका छोट्या फाइलीत भरतात. तिलाच टॉरेंट फाइल म्हणतात, आणि आपल्या संचासाठी ती ८० केबीच्या आसपास होईल. तिच्यात पुस्तक नसतं. पुस्तकाचा प्रत्येक तुकडा खरा आहे की नाही हे ओळखण्याची खूण तेवढी असते.

यामुळेच अनोळखी माणसाकडून तुकडा घ्यायला भीती नसते. कुणी मुद्दाम बिघडवलेला तुकडा पाठवला तर हॅश जुळत नाही, आपलं सॉफ्टवेअर तो फेकून देतं आणि दुसऱ्याकडून मागतं. अर्थात ही खात्री टॉरेंट फाइलीपुरतीच. मूळ टॉरेंट फाइलच भलत्या ठिकाणाहून उचलली तर आतला माल भलता असू शकतो. म्हणून ती नेहमी ग्रंथालयाच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्यायची.

कोणाकडे कोणते तुकडे आहेत हे कळायचं कसं? सुरुवातीला ट्रॅकर नावाचा एक सर्व्हर हे काम करायचा. या संचासाठी सध्या कोण कोण आलंय एवढी यादी तो सांगतो, पुस्तकं त्याच्याकडे नसतात. ट्रॅकर बंद पडला तर सगळं अडेल म्हणून २००५ पासून ही यादी वापरकर्त्यांच्या संगणकांमध्येच वाटून ठेवायची सोय आली. आता चाळीस अक्षरांची एक ओळख, तिला इन्फोहॅश म्हणतात, तेवढी असलेल्या मॅग्नेट लिंकवरूनही काम सुरू होतं. ती चाळीस अक्षरं छापील सूचीत पुस्तकाच्या नावापुढे छापता येतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. वेबसाइटचा पत्ता उद्या बदलला तरी, जोवर कुणाकडे तो संच आहे आणि तो संगणक नेटवर आहे, तोवर त्या अक्षरांवरून संच सापडू शकतो.

आता यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट. कोणता तुकडा आधी मागायचा? पहिला, दुसरा, तिसरा असं ओळीनं गेलं तर सगळ्यांकडे सुरुवातीचेच तुकडे साठतील आणि शेवटच्या तुकड्यांसाठी सगळे पुन्हा वाचनालयाच्याच दारात उभे राहतील. म्हणून सॉफ्टवेअर आजूबाजूच्या सगळ्यांकडे काय काय आहे ते बघतं आणि जो तुकडा सगळ्यात कमी जणांकडे आहे तो आधी घेतं. परिणाम असा होतो की दुर्मीळ तुकडा दुर्मीळ राहतच नाही. वाचनालयाची वीज गेली तरी तोवर सगळे तुकडे मिळून वाचकांमध्ये पोचले असतील, तर उरलेलं वाटप त्यांचं ते पुरं करतात. मधूनच नेट गेलेल्या वाचकाचंही नुकसान होत नाही. आलेले तुकडे तपासून जागेवर बसलेले असतात, पुढचे नंतर येतात.

देण्याघेण्याचा नियमही त्यातच बांधलेला आहे. प्रत्येक सॉफ्टवेअर दर दहा सेकंदांनी बघतं की आपल्याला कोण चांगल्या वेगानं देतंय, आणि त्या मोजक्या जणांना आधी देतं. मग नवीन आलेल्याचं काय? त्याच्याकडे द्यायला अजून काहीच नाही. त्याच्यासाठी दर तीस सेकंदांनी कुणातरी एकाला, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, तुकडे दिले जातात. नवखा इथूनच पाय रोवतो.

चोरीच्या सिनेमांमुळे या तंत्राचं नाव खराब झालं, हे मला मनापासून लागतं. कारण त्याची चांगली कामं सुरुवातीपासूनची आहेत. २००३ साली रेड हॅट लिनक्स या संगणक प्रणालीची नववी आवृत्ती आली तेव्हा अधिकृत सर्व्हरवर झुंबड उडाली होती आणि असंख्य लोकांनी ती टॉरेंटनं मिळवली. डेबियन, उबुंटू या लिनक्सच्याच प्रकारांच्या टॉरेंट आजही त्यांच्या अधिकृत वेबसाइटवर असतात. आणि ग्रंथालयांसाठी सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे इंटरनेट आर्काइव्ह हे ऑनलाइन ग्रंथालय. ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांनी आपल्या दहा लाखांहून जास्त पुस्तकं, ध्वनिमुद्रणं आणि चित्रफितींना टॉरेंट जोडली.

ज्या पुस्तकाला कुणी विचारत नाही

इथपर्यंत वाचून असं वाटेल की सगळं वाचकांवर सोपवलं की ग्रंथालय मोकळं. तसं मुळीच नाही, आणि माझ्या दृष्टीनं लेखातला महत्त्वाचा भाग इथून पुढे आहे.

ज्याच्याकडे संपूर्ण संच आहे आणि जो तो देत राहतो त्याला सीड म्हणतात. १२ जानेवारीला मार्शल लॉच्या संचाला पन्नास सीड असतील. आषाढीच्या आधी संतसाहित्याच्या संचाला त्याहून जास्त असतील. पण हातमागावरच्या एखाद्या जुन्या तेलुगू पुस्तिकेला वर्षातून दोन वाचक येणार. पहिल्यानं घेतली, संगणक बंद केला आणि गेला. आठ महिन्यांनी दुसरा आला तेव्हा द्यायला कुणीच नाही. डाउनलोड सुरूच होत नाही, कारण ते तुकडे जगात कुठं चालू असलेल्या संगणकावर नाहीतच. टॉरेंट गर्दीच्या पुस्तकाला बळ देतं, एकट्या पुस्तकाला नाही. आणि ग्रंथालय तर त्या एकट्या पुस्तकांसाठीच असतं. गर्दीचं पुस्तक कुठंही मिळतं.

म्हणून ग्रंथालयानं आपला सर्व्हर काढून टाकायचा नाही. टॉरेंट फाइलीत वेबसीड म्हणून आपल्या नेहमीच्या वेबसाइटवरच्या फाइलीचा पत्ता घालता येतो. मग वाचकाच्या सॉफ्टवेअरला कुणी सोबती सापडला नाही तर ते सरळ वेबसाइटवरून तुकडे घेतं, आणि गर्दी असेल तर बराचसा भार गर्दीच उचलते. सर्व्हरवर फाइलचा मधलाच भाग मागता यायला हवा, तेवढी सोय बहुतेक सर्व्हरवर असतेच. इंटरनेट आर्काइव्हनंही हीच पद्धत ठेवली आहे. गर्दीच्या दिवसाचा बोजा वाचकांनी वाहायचा आणि रिकाम्या दिवसांची राखण ग्रंथालयानं करायची, अशी ही वाटणी मला योग्य वाटते.

दुसरी अडचण दुरुस्तीची. टॉरेंट एकदा बनली की बदलत नाही. स्कॅनमध्ये एक पान राहिलं होतं, ते घातलं, की हॅश बदलला, इन्फोहॅश बदलला, म्हणजे ती वेगळीच टॉरेंट झाली. जुन्या टॉरेंटवरचे सीड जुनीच प्रत देत बसतात, नवीनकडे आपोआप येत नाहीत. म्हणून अख्ख्या ग्रंथालयाची एकच भलीमोठी टॉरेंट करणं चुकीचं. विषयवार संच किंवा दर महिन्याला नवीन भर पडेल तेवढ्याचा एक संच, हे बरं. आधी पानं नीट तपासायची, मगच टॉरेंट काढायची. बिटटॉरेंटच्या दुसऱ्या आवृत्तीत यात एक सुधारणा आहे: तिथं प्रत्येक फाइलचा हॅश स्वतंत्र असतो, त्यामुळे दोन संचांत तीच फाइल असेल तर ती ओळखता येते. त्या आवृत्तीत हॅश काढायच्या एसएचए-१ या जुन्या पद्धतीऐवजी जास्त मजबूत एसएचए-२५६ वापरतात. २०१७ साली संशोधकांनी एसएचए-१ चा एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ प्रत्यक्ष बनवून दाखवल्या होत्या, त्यामुळे नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं जुनं आणि नवं दोन्ही चालेल अशी मिश्र टॉरेंट बनवावी.

आणि सुट्या लहान फाइलींना टॉरेंटच्या नादी लागूच नये. स्पर्धा परीक्षेच्या एका जुन्या प्रश्नपत्रिकेसाठी सीड शोधत बसण्यापेक्षा साधी लिंक कितीतरी सोयीची.

आपल्याकडची जमीन

बार्शी, करमाळा, मंगळवेढा, सांगोला, कुठंही जा, वाचक बहुतेक मोबाइलवर असतो. रोजचा दीड-दोन जीबीचा डेटा असतो आणि टॉरेंटमध्ये जे अपलोड होतं तेही त्यातूनच जातं. विद्यार्थ्याला न सांगता त्याचा डेटा वापरणं मला मुळीच मान्य नाही. मोबाइलवरून येणाऱ्याला थेट लिंक समोर दिसली पाहिजे आणि टॉरेंटच्या लिंकशेजारी स्पष्ट मराठीत लिहिलेलं हवं की डाउनलोड करताना तुमच्याकडून अपलोडही होईल. सावड मनानं होते, नकळत नाही.

दुसरी गोष्ट जोडणीची. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते एकूण ४२९ कोटीच आहेत आणि ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून अनेक कंपन्या पुष्कळ ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. अशा ग्राहकाला बाहेर जाता येतं, पण बाहेरचा कुणी आपणहून त्याच्यापर्यंत येऊ शकत नाही. दोन्ही टोकांना असे वाचक असले तर त्यांची गाठ पडणं कठीण होतं. सॉफ्टवेअर काही युक्त्या करतं, त्या दर वेळी लागू पडत नाहीत. नव्या आयपीव्ही६ पत्त्यांमुळे ही अडचण कमी होते, राउटरनं आतली वाट अडवली नसेल तर. ग्रंथालयाच्या स्वतःच्या सीडला मात्र बाहेरून पोचता येईल असा पत्ता असलाच पाहिजे. जोडणी घेतानाच हे विचारून घ्यावं.

खरा फायदा मला कॉलेजांच्या संगणक प्रयोगशाळांत दिसतो. चाळीस संगणकांवर तो ४ जीबीचा संच एकेक करून उतरवला तर बाहेरून १६० जीबी यावे लागतात. टॉरेंटमध्ये एकाच नेटवर्कवरच्या संगणकांना एकमेकांना शोधायची सोय असते. ती चालू असली आणि नेटवर्कनं अडवली नाही तर बाहेरून साधारण एका संचाएवढाच माल येतो आणि उरलेली देवाणघेवाण भिंतीच्या आतल्या आत, बाहेरच्या जोडणीला फारसा धक्का न लावता होते. विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टही आपले अपडेट याच विचारानं एकाच नेटवर्कवरच्या संगणकांना आपसात देऊ देतं. काही कॉलेजांत टॉरेंट सरसकट बंद केलेलं असतं. तिथं नेटवर्क सांभाळणाऱ्या सरांना किंवा मॅडमना आधी भेटून काय उतरवायचं आहे ते दाखवावं.

टॉरेंट चालू केलं की घरातलं बाकीचं नेट बसतं, ही तक्रार जुनी आहे. आताची सॉफ्टवेअर जोडणीवर रांग लागतेय असं दिसलं की स्वतःच मागं सरतात, आणि अपलोडला मर्यादाही घालता येते.

कायद्याचं थोडक्यात. टॉरेंट वापरणं गुन्हा नाही, त्यातून काय देता यावर सगळं आहे. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा हक्क त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. लेखक १९६० मध्ये गेला असेल तर ते पुस्तक १ जानेवारी २०२१ पासून खुलं. अनुवाद असेल तर अनुवादकाचाही हक्क वेगळा बघावा लागतो. टॉरेंटमध्ये हे जास्त काटेकोरपणे पाहायचं, कारण इथं वाचकही वाटप करत असतो आणि ग्रंथालयाच्या भरवशावर तो त्यात उतरलेला असतो.

याच भरवशाचा आणखी एक भाग आहे. कोण काय वाचतो हे ग्रंथपाल बाहेर सांगत नाही. टॉरेंटमध्ये मात्र एकाच संचावर असलेल्यांना एकमेकांचे इंटरनेट पत्ते (आयपी) दिसतात. ज्याला ते नको असेल त्याच्यासाठीही थेट लिंक राहिली पाहिजे.

सुरुवात करायला लागतं ते फार नाही. एखादा जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय हा छोटासा स्वस्त संगणक, त्याला जोडलेली मोठी हार्ड डिस्क, एक लहान यूपीएस, आणि क्यूबिटटॉरेंट किंवा ट्रान्समिशन यांपैकी एक मोफत सॉफ्टवेअर. अपलोडची मर्यादा दिवसा कमी आणि रात्री जास्त ठेवता येते. एक पूर्ण प्रत सोलापुरात, एक पंढरपूरच्या किंवा बार्शीच्या एखाद्या स्नेही वाचनालयात आणि एक जिल्ह्याबाहेर असली, तर एका ठिकाणची डिस्क गेली तरी बाकीच्या दोन ठिकाणांहून वाटप चालू राहतं. महिन्यातून एकदा कुणीतरी बसून सॉफ्टवेअरमधला सीडचा आकडा संचागणिक लिहून काढावा. ज्या संचापुढे वाचनालयाखेरीज दुसरा सीड दिसत नाही, त्याची यादी सभासदांपुढे ठेवायची आणि घरी फायबर जोडणी असलेल्या एखाद्याला विचारायचं, हा संच वर्षभर तुमच्या संगणकावर सांभाळाल का?